शेजाऱ्याची ओवी

गेल्या वर्षीं शाळा सुरू होऊन पंधरवडा लोटला असेल नसेल, तेव्हां आम्हीं वरच्या वर्गांतील मुलांस एक माहितीपट दाखविला. हायडेलबर्ग विद्यापीठांतील जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं हेनिंग श्टेगम्युलर यांच्या साह्यानें पंढरीच्या वारीवर तो तयार केला आहे. तुकोबारायांची पालखी दरसाल आपल्या बारामती-इंदापुराकडूनच जाते. काटेवाडीस धनगर तिच्याभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण घालतात. जें मुलें लहानपणापासून पाहत आलीं, तें पडद्यावर काय पाहावयाचें, अशी आम्हांस शंका होती. ती व्यर्थ ठरली. मुलें शेवटपर्यंत जागचीं हललीं नाहींत.

पट संपल्यावर आम्हीं त्याच्या कर्त्याची ओळख करून दिली. सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनीं धनगरांत मिसळून त्यांच्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या आणि बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवर १९७६ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कांहीं भाग गाऊन व कांहीं गद्यांत सांगून ही ओवी रात्रभर चालते, असें आम्ही सांगत होतों. इतक्यांत मागच्या बांकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझा आजा दोन रात्री म्हणतो."

वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. हाच मुलगा कोंकणांतून मेंढरांबरोबर उशिरां परतला, म्हणून दहा दिवसांपूर्वीं आम्हीं त्यास सर्वांदेखत विचारलें होतें, "मेंढरांमागें फिरून कोणी शहाणा झाला आहे काय?" दावीद राजा मेंढपाळ होता, हें त्याच वर्गांत शिकविणारे आम्हीच! परक्या देशाचा विद्वान ज्यांच्याजवळ शिकावयास बसला, त्यांच्या नातवाचा आम्हीं पाणउतारा केला होता.

त्या रविवारीं उपासनेनंतर आम्ही सुप्याबाहेरील त्यांच्या वस्तीवर गेलों व मुलाची क्षमा मागितली. म्हाताऱ्या आजोबांनीं घोंगडी अंथरली, चहा दिला. पटाची हकीकत ऐकून ते म्हणाले, "मास्तर, फेटा अन् घोंगडं समदेच दाखवत्यात. चराऊ रानं ऱ्हायली न्हाईत, ते बी दाखवा की."

हे शब्द ऐकून आम्हांस १९२२ सालचा रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा प्रख्यात ‘नानूक’ पट आठवला. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोक तेव्हां बंदुकीनें शिकार करीत. परंतु पटाकरितां त्यांच्या हातीं जुने भाले दिले गेले. नायकाचें नांवही खरें नव्हतें. पाहणाऱ्यास जें मनोहर वाटतें तेवढेंच टिपलें, तर माणूस हरवतो आणि पोशाख तेवढा उरतो. आजोबांनीं तो पट पाहिला नव्हता. पण त्यांतील उणीव त्यांना ठाऊक होती.

आमचा विश्वास त्यांच्याहून निराळा आहे, व तो आम्ही लपवीत नाहीं. परंतु शेजाऱ्यावर प्रीति करा, ही प्रभूची आज्ञा शेजाऱ्यास ओळखल्यावांचून पाळतां येत नाहीं.

तो मुलगा आतां आजोबांची ओवी वहींत उतरून घेत आहे. कोणत्या सालीं कोणतें कुरण बंद झालें, हेंही तो आजोबांस विचारून समासांत लिहितो. विद्यार्थ्यांनो, तुमच्याही घरीं अशी एखादी वही सुरू होवो. आणि पालकांनो, मुलें विचारूं लागलीं म्हणजे त्यांस वेळ द्या.