रुसव्याचे गाठोडे

ज्या घरात पाच भावंडे नांदतात, त्या घरी शांतता पाहुण्यासारखी येते. घटकाभर टेकते आणि निघून जाते. सांगलीतील मंगेशकरांच्या घरी तर तिला टेकायलाही जागा नसे. वास्तविक घर चांगले तेरा खोल्यांचे होते. घरधनी मास्टर दीनानाथ मंगेशकर हे त्या काळचे नामांकित गायक-नट. १९१८ साली सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ ही नाटक कंपनी काढली होती. त्यामुळे नातलग, शागीर्द आणि नाटकमंडळी यांची घरात सतत ये-जा असे. कोठे तंबोरा जुळत असे, कोठे नाटकाच्या पदांची उजळणी चाले. या साऱ्या गजबजाटातही स्वतंत्रपणे उठून दिसेल, असा एक आवाज त्या घरात होता. तो घरातल्या थोरल्या मुलीचा, लताचा.

लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे जन्मली. तिच्यामागून १९३१ साली मीना, १९३३ साली आशा, १९३५ साली उषा आणि १९३७ साली हृदयनाथ अशी भावंडे आली. दर दोन वर्षांनी घरात पाळणा बांधला जाई आणि दर वेळी लता थोडी अधिक ‘मोठी’ होई. थोरल्या अपत्याच्या वाट्याला हे मोठेपण न मागता येते. मात्र त्यामुळे अंगचा खट्याळपणा कमी होतो असे कोणी समजू नये.

लताच्या अंगी तो भरपूर होता. आई, म्हणजे माई, स्वयंपाकात गुंतली की ही कन्या भांड्यांच्या मांडणीवर चढून बसे आणि तेथून माईंना गाणे ऐकवी. खाली चूल धगधगत आहे, हातातले काम संपत नाही, आणि वर हे गानसत्र चालू! माई रागावून तिला हाकलू पाहत. पण हाकलल्याने गाणे थांबते, असा अनुभव त्यांना फारसा आला नसावा. उन्हाळ्यात आजोळी, खानदेशात तापीकाठच्या थाळनेर गावी जावे, तर तेथेही गाणेच. आजीपाशी लोकगीतांचा साठा होता. पावागडच्या देवीचे गरबे लता तिच्याकडूनच शिकली. एका माणसासमोर मात्र तिचा कंठ फुटत नसे, तो म्हणजे वडील. बाबांचा दरारा असा की ते घरात आले, की मांडणीवरचे गाणे आपोआप खाली उतरे.

या मुलीचा रुसवाही साधा नव्हता. इतर मुले रुसली म्हणजे कोपऱ्यात बसतात, जेवणार नाही म्हणून सांगतात आणि भूक लागली की मुकाट्याने पानावर येतात. लताची रीत निराळी होती. काही मनाविरुद्ध झाले, की ती आपले कपडे गोळा करी, त्यांचे गाठोडे बांधी आणि आपण घर सोडून चाललो असल्याचे जाहीर करी. मग घरातली माणसे मागे धावत, विनवण्या करीत आणि ही प्रवासिनी गाठोड्यासह परत येई. असे पुष्कळदा घडले. शेवटी एकदा वडिलांनी सर्वांना बजावले, की आज कोणीही हिला थांबवायचे नाही.

लता गाठोडे घेऊन निघाली. पाठीमागून हाक येईल म्हणून तिने वळून पाहिले. हाक आली नाही. आणखी थोडे पुढे गेल्यावर पुन्हा पाहिले, कोणी नाही. घर सोडून जाणाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. जायचे कोठे, याचा विचार त्याने कधी केलेलाच नसतो, कारण आपल्याला कोणी जाऊ देणार नाही अशी त्याची खात्री असते. घराजवळ एक तळे होते. लता त्याच्या काठाशी जाऊन बसली. इकडे ज्यांनी हुकूम सोडला होता ते दीनानाथच कासावीस झाले. मुलगी पाण्यात पडली तर काय, या धास्तीने त्यांचा निश्चय डळमळला आणि अखेर तिला परत बोलावून घेण्यात आले. वडील हरले की मुलगी, हे ठरविणे कठीण आहे. दोघांनाही सुटल्यासारखे वाटले असेल, एवढे निश्चित.

हट्टी मुलांविषयी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की त्यांचा हट्ट नेहमी स्वतःसाठीच असतो असे नाही. लताच्या शाळेची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. नात्यातली एक मोठी बहीण जवळच्याच शाळेत शिकत होती. तिच्याबरोबर लता अधूनमधून वर्गात जाऊन बसे. एके दिवशी संगीताच्या तासाला बाईंचे लक्ष या चिमुरड्या पाहुणीकडे गेले आणि ही कोण, असे त्यांनी विचारले. ज्या बहिणीला विचारले, तिने तोंड उघडण्यापूर्वीच लताने उठून आपण मास्टर दीनानाथांची मुलगी असल्याचे सांगून टाकले. तुला गाता येते का, असे विचारताच तिने मालकंस, हिंदोल अशी रागांची नावे घडाघडा म्हणून दाखविली. तिला शिक्षकांच्या खोलीत नेण्यात आले आणि तेथे सर्व शिक्षकांसमोर तिने हिंदोल रागातील चीज गायिली. वय अवघे चार-पाच वर्षांचे!

असे कौतुक झालेल्या शाळेत तिचे नाव घालायचे ठरले. पहिल्या दिवशी लता निघाली ती दहा महिन्यांच्या आशाला उचलून घेऊनच. त्या दिवसांत आशाचा मुक्काम बहुधा लताच्या कडेवरच असे, तेव्हा शाळेत जाताना तिला खाली ठेवावे हे लताच्या मनातही आले नाही. वर्गात ती आशाला मांडीवर घेऊन बसली. शिक्षकांनी हे पाहिले आणि तान्ह्या मुलांना वर्गात आणता येणार नाही, असे स्पष्ट बजावले.

शिक्षकांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. वर्ग म्हणजे पाळणाघर नव्हे. एकीची बहीण आली, तर उद्या दहा जणींच्या येतील आणि पाढ्यांऐवजी अंगाई म्हणण्याची पाळी येईल. परंतु पाच वर्षांच्या मुलीपुढचा प्रश्न अगदी सरळ होता. जेथे आशाला जागा नाही, तेथे आपल्याला जागा नाही. ती तडक उठली, बहिणीला घेतले आणि घरी निघून आली. त्या शाळेत तिने पुन्हा पाऊल टाकले नाही. मुळाक्षरे तिने घरच्या गड्याकडून गिरवून घेतली. हिंदी आणि उर्दू या भाषा पुढे शिक्षकांकडून रीतसर शिकून घेतल्या. शाळा तिने सोडली, शिकणे सोडले नाही. पण म्हणून शाळा सोडण्याचा हा मार्ग कोणी घरी सुचवून पाहू नये. प्रत्येकाच्या घरी पहाटे तंबोरा लागतोच असे नाही.

मंगेशकरांच्या घरी तो कसा लागला, तेही सांगितले पाहिजे. एकदा दीनानाथ आपल्या एका शागिर्दाला पूरिया धनाश्री राग शिकवीत होते. काही कामासाठी ते बाहेर गेले. शागीर्द एकटाच घोकत बसला आणि त्याचे सूर जरा चुकू लागले. बाहेर खेळत असलेल्या लताच्या कानांना ते सहन झाले नाही. ती खेळ टाकून आत आली, असे नव्हे तर असे, म्हणून तिने तो भाग गाऊन दाखविला. एवढ्यात दीनानाथ परतले. वडिलांना पाहताच गुरुणीबाई पळाल्या! दीनानाथांनी माईंपाशी आश्चर्य व्यक्त केले, की आपण बाहेरच्यांना शिकवीत बसलो आणि गाणारी तर आपल्याच घरात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्यांनी लताला उठवून तंबोरा घ्यायला सांगितले. आरंभ झाला तो पूरिया धनाश्रीनेच.

पुढे मनमाडच्या मुक्कामी ‘सौभद्र’ नाटकातील नारदाचे काम करणारा नट आजारी पडला, तेव्हा लताने ते काम स्वतःकडे मागून घेतले. अर्जुन म्हणजे उंचेपुरे दीनानाथ, आणि त्यांच्यासमोर एवढासा नारद! तरीही प्रेक्षकांनी त्या नारदाचे गाणे पुन्हा म्हणवून घेतले. १९३८ साली सोलापूरच्या जलशात ती वडिलांबरोबर गायला बसली. राग होता खंबावती. आपले गाणे झाले, वडिलांचे सुरू झाले, रात्र वाढली. आणि ही गायिका भर मंचावर वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली.

ही झोप फार दिवस टिकायची नव्हती. दीनानाथांनी चित्रपटनिर्मितीत पैसा घातला होता. तेथे त्यांना अपयश आले. नाटक कंपनी बंद पडली. सांगलीचे घर सुटले आणि कुटुंब पुण्यास आले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एक्केचाळीस होते, आणि लताचे साडेबारा.

कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक यांच्या ओळखीने काही दिवसांतच लताला ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात एक लहानसे काम मिळाले. तिला गाणे प्रिय होते; तोंडाला रंग लावून प्रखर दिव्यांसमोर उभे राहणे मुळीच आवडत नसे. त्यात चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शकांना तिच्या भुवया रुंद वाटल्या. त्या कापून बारीक करण्यात आल्या; कपाळावरचे केसही कापले गेले. कोणी विचारले नाही, कोणी समजावले नाही. लता रडत रडत घरी आली.

सांगलीची लता असती, तर तिने त्या दिवशी कपडे गोळा केले असते आणि मागून हाक येण्याची वाट पाहत ती तळ्याच्या वाटेला लागली असती. परंतु हाक मारणारे बाबा आता नव्हते. घरात माई होत्या, दहा वर्षांची मीना होती, आठ वर्षांची आशा होती, सहा वर्षांची उषा होती आणि पाचवे वर्ष चालू असलेला हृदयनाथ होता. गाठोडे बांधले गेले नाही. ‘पहिली मंगळागौर’ त्याच वर्षी पूर्ण झाला. लताने त्यात काम केले आणि गाणेही म्हटले.