मायन्यापाशी अडलेली लेखणी

सारंगखेडा,
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद, उपरी विशेष.

तुझे पत्र पावले. डोळे मिटून बसले म्हणजे मनातले सारे दिसते, पण ते पाहणारा काही केल्या दिसत नाही, ही तुझी तक्रार काल एकमुखी दत्ताच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या गर्दीत उभा असताना, माझ्या मनात घोळत होती. समोर एक गिऱ्हाईक पंचकल्याणी घोड्याचे दात पाहून वय ठरवीत होते; भोवरे, खूर, चाल, सर्वांची कसून तपासणी झाली, तपासणाऱ्याचे डोळे तेवढे तपासणीत आले नाहीत.

येथून वाहणाऱ्या याच तापीला वरच्या अंगास पूर्णा मिळते, तेथे चांगदेव नावाचे गाव आहे. आख्यायिका अशी की, चौदाशे वर्षे मृत्यूला हुलकावणी दिलेल्या योगिराज चांगदेवाने ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले, तो मायन्यापाशीच लेखणी अडली. वयाने धाकट्यास ‘तीर्थरूप’ लिहावे कसे, आणि ज्ञानाने थोर असलेल्यास ‘चिरंजीव’ तरी कसे? अखेर कोरा कागदच रवाना झाला आणि एवढ्या तपानंतरही हा कोराच, असे मुक्ताबाई म्हणाली. लोक ही त्याची फजिती मानतात. मला तो कोरा कागद चांगदेवाच्या चरित्रातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. वय, मान, सिद्धी यांच्या दप्तरात ज्या ‘मी’ची नोंद होती, त्यास त्या दिवशी रकानाच सापडेना. अर्थात तो खोळंबला होता, मोकळा झाला नव्हता.

उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी 65 ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ धाडली. पाहणारा, पाहणे आणि पाहिले जाणारे ही त्रिपुटी तीत अशी विरघळविली आहे की भेटीस दुसरा कोणी उरतच नाही. आरसा समोर आला म्हणजे मुख दिसते खरे, पण आरशावाचून मुख नाहीसे होत नाही. तू इतके दिवस आरसा मागतो आहेस.

बैठक वाढवावी काय, असे विचारलेस. वाढव, पण जाग येताच, नाव आणि नोकरी आठवण्यापूर्वी, नुसते असणे जे भासते, तेथे लक्ष असू दे. मुंबईत खेतवाडीत विड्यांचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज (1897–1981) देशोदेशींच्या जिज्ञासूंस याच ‘मी आहे’पाशी थांबावयास सांगत, आणि ही जाणीवही देहाबरोबर आलेली, सबब तीही सोडावयाची, असे बजावीत. त्या दुसऱ्या भागाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका