दाताची समाधी आणि देव्हाऱ्यातले नाणे

मुलांनो, राजाराण्यांच्या समाध्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पण दाताची समाधी कधी ऐकली आहे का? आमच्या बीडकडे ती आहे! एका टेकडीवर जुनी दगडी वास्तू उभी आहे आणि तिच्याखाली दिल्लीच्या सुलतानाचा, महंमद तुघलकाचा, एक दात पुरला आहे असे सांगतात. १३३५ च्या सुमारास सुलतान वरंगळच्या बाजूने आजारी होऊन दौलताबादेकडे परतत होता. वाटेत बीडच्या मुक्कामी दात दुखू लागला, तो काढावा लागला, आणि मग त्यालाही मोठ्या थाटाने मूठमाती! फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

गेल्या दिवाळीत नातवंडांना घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा धाकट्याने विचारले, "आजोबा, तो दात सोन्याचा होता का हो?"

आम्ही हसलो. पण प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. दिल्लीचे लोक या मुलखात आले ते सोन्यासाठीच. देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा पद्मटंक सोन्याचा होता. मध्ये कमळ उमटवलेला, किंचित वाटीसारखा खोलगट. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि अपार सोने घेऊन गेला. पुढे मलिक काफूरने वरंगळ आणि द्वारसमुद्राचे धन उत्तरेला वाहून नेले. महंमद तुघलकाने तर १३२७ मध्ये देवगिरीलाच राजधानी केले आणि तिचे नाव दौलताबाद रूढ केले. त्याची सोन्याची मोहर तोळ्याहूनही भारी असे!

त्या दौलताबादेच्या बाजारपेठा इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने वर्णिल्या आहेत. तिथले हिंदू व्यापारी जडजवाहिराचा व्यापार करीत, फार धनवान होते, आणि त्यांना 'साहा' म्हणत, असे तो सांगतो. आपला 'साव' आणि 'सावकार' लगेच आठवतो, नाही का? गायक-गायिकांचाही तिथे एक स्वतंत्र बाजार होता. प्रवासी गृहस्थ त्यावर फारच खूष झालेला दिसतो!

आता गंमत ऐका. १३२९-३० च्या सुमारास सुलतानाने फर्मान काढले, की पितळेचे आणि तांब्याचे नाणे चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावे. कल्पना काही वेडेपणाची नव्हती. चीनमध्ये कुब्लाईखानाच्या राज्यात कागदाचे चलन चालत होते. आपल्या खिशातली नोट तरी दुसरे काय आहे? पण खोटे नाणे ओळखू येईल अशी खूण त्यावर नव्हती. मग काय! घरोघर टांकसाळी सुरू झाल्या. लोक सारा भरीत पितळेने आणि सोने-रुपे पुरून ठेवीत जमिनीत. परदेशी व्यापारी इथला माल पितळेने विकत घेत, पण आपला माल विकताना मात्र पितळेला हात लावीत नसत. बाजार बसला. १३३२ च्या सुमारास सुलतानाने हार मानली. आणा पितळ, घेऊन जा खरे नाणे! खजिना ओसरला आणि तुघलकाबादेत पितळी नाण्यांचे ढीग पडून राहिले.

सगळीच काही परत गेली नाहीत. एक आमच्या घरी आहे.

माझ्या पणजोबांना ते शेतात नांगरताना सापडले. पिवळेधमक नाणे, घरादाराने सोनेच समजले. दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासून ते ताम्हनात ठेवायचे आणि आम्हां मुलांना लांबून दाखवायचे. "अडीअडचणीला आहे," एवढे एकच वाक्य आजी बोलायची.

अडचण आली १९७२ मध्ये. विहिरी आटल्या, बैल विकले, माणसे खडी फोडायला गेली, मुले सुकडीवर राहिली. सोने तेव्हा तोळ्याला दोन-अडीचशे रुपये होते. एक दिवस आई ते नाणे पदराच्या गाठीला बांधून बीडला पायी गेली आणि संध्याकाळी परत आली. "भाव बरा नव्हता," म्हणाली. नाणे पुन्हा देव्हाऱ्यात गेले आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुष्काळी कामावर जाऊ लागली.

खरी गोष्ट मला कळायला पन्नास वर्षे लागली. छत्रपती संभाजीनगरच्या एका नाणीसंग्राहक मित्राला मी ते नाणे दाखवले. त्याने भिंगातून अक्षरे वाचली: तुघलकाचे पितळी नाणे, टांकसाळ दौलताबाद!

टेकडीवरून घरी आल्यावर नातवंडांनी ही बातमी पणजीला ओरडून सांगितली. आई आता पंच्याऐंशीला टेकली आहे. ती शांतपणे वाती वळत होती.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सराफाने कसोटीवर एकदा घासलं नि परत दिलं. दुसऱ्याकडे गेले, तिथंही तेच. तिसऱ्याकडे गेले नाही."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"तुझी आजी अंथरुणाला खिळलेली. तिला काय सांगू, पितळ आहे म्हणून? तिचा सगळा धीर त्यावर."

धाकटा नाणे दिव्यापुढे धरून निरखीत होता. "पण पणजी, आजी गेल्यावर तरी काढून टाकायचंस ना!"

"अरे, डबा तर रिकामा झाला होता," आई म्हणाली. "लक्ष्मीपुढे ठेवायला घरात दुसरं होतं काय?" आणि तिने हात पुढे केला. "दे इकडे. चिंच भिजत घातली आहे."