कॉटखालची बॅग

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा? मग रडतेस कशाला गं?" आजीच्या या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

तिच्या हिशोबाने ते शंभरातले मार्क होते. आईने तर पेढेसुद्धा वाटून टाकले होते. पर्सेंट वेगळं, पर्सेंटाइल वेगळं हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी बाबांना कागदावर मांडून दाखवलं. सीईटीच्या पीसीएम ग्रुपला 3 लाख मुलं बसली असं धरा. 98.6 म्हणजे माझ्यापुढे 4200 मुलं. सीओईपीला कॉम्प्युटर पाहिजे असेल तर 99.9च्या आसपास लागतात, म्हणजे पुढे फक्त 300. बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बरं, आणि मागे किती?"

मागे 2,95,800 होते. तो आकडा मी काढलाच नव्हता!

माझं सगळं लक्ष सहा प्रश्नांवर होतं. गणिताला 90 मिनिटांत 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क. शेवटच्या सहांना वेळच उरला नाही. निगेटिव्ह मार्किंग नसतं, म्हणून डोळे मिटून क्लिक करून बाहेर आले. ते सहा प्रश्न घरापासून हॉस्टेलपर्यंत माझ्याबरोबर आले.

घरी ठरलं ते असं : मिळतेय ती इलेक्ट्रिकलची सीट घ्यायची आणि मे महिन्यात गुपचूप पुन्हा सीईटी द्यायची. वाढले तर उत्तम, नाही वाढले तर सीट आहेच. यात जातंय काय? कागदावर काहीच जात नव्हतं.

म्हणून मी हॉस्टेलवर आले तरी मोठी बॅग उघडलीच नाही. वर्षभराचा तर प्रश्न, कशाला पसारा मांडायचा? रोजचे चार ड्रेस बाहेर काढले आणि बॅग कॉटखाली सरकवली. शेल्फवर मात्र बारावीची केमिस्ट्री. रूममेटने विचारलं, तर म्हटलं, "रेफरन्सला!"

दोन्ही डगरींवर हात ठेवला की काय होतं, ते डिसेंबरात कळलं. एम-वनच्या टेस्टमध्ये 30 पैकी 9. ग्राफिक्सच्या शीट्स पेंडिंग, वर्कशॉपचा जॉब अर्धवट. जानेवारीत एका रविवारी मेसचे पोहे सोडून सीईटीचा जुना पेपर लावून बसले. मार्क आले गेल्या वर्षीपेक्षा कमी! ऑरगॅनिक केमिस्ट्री तर पार उडाली होती. आणि पर्सेंटाइलची गंमत अशी, की मी तेवढेच मार्क मिळवले तरी पर्सेंटाइल तेवढंच राहील याची खात्री नाही. माझ्या सत्रात बसलेली बाकीची मुलं किती मार्क पाडतात, त्यावर ते ठरणार.

फॉर्मची शेवटची तारीख आठवड्यावर आली. समोरच्या रूममधली एक मुलगी पण फॉर्म भरत होती. तिचं पर्सेंटाइल माझ्याहून कमी. मी विचारलं, "तू का देतेस गं पुन्हा?" ती म्हणाली, "मला आठवीपासून प्रोग्रॅमिंग येतं. मला तेच करायचंय." एवढंच. मग तिने मला विचारलं, "आणि तू?"

मी बोलायला लागले. मावसभाऊ सीओईपीला आहे. शाळेतल्या माझ्या बेंचवरच्या मुलीला कॉम्प्युटर मिळालं. कॉन्व्हेंटमध्ये मी दहा वर्षं पहिल्या तिघांत होते, सिस्टर्सना काय सांगणार? पाच मिनिटं बोलले आणि लक्षात आलं, माझ्या प्रत्येक कारणात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. माझं स्वतःचं असं एकच कारण होतं, ते सहा प्रश्न. आणि ते तर आता पुन्हा येणारच नव्हते!

त्या रात्री घरी फोन केला. "बाबा, मी फॉर्म भरत नाहीये." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नक्की ना? पैशांचा विचार करून म्हणत नाहीस ना?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

मग बॅग ओढून बाहेर काढली. तळाशी आजीने शिवलेली गोधडी निघाली. म्हणजे अख्खी थंडी मी एका पातळ चादरीत काढली आणि गोधडी माझ्याच कॉटखाली होती!

समोरच्या मुलीने परीक्षा दिली. तिला हवी ती ब्रँच मिळाली आणि ती गेली. तिचं बरोबरच होतं. म्हणून ज्युनियर्सना मी "देऊ नका" असं सांगणार नाही, "द्याच" असंही नाही. फक्त कुणाचंही नाव न घेता, एका वाक्यात, "का" ते सांगून बघा. सांगता आलं तर खुशाल फॉर्म भरा.

मी सगळं विसरले असं मात्र समजू नका. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा कट-ऑफची यादी मी उघडून बघितलीच. पण एम-वनचा बॅकलॉग तोवर निघाला होता. इलेक्ट्रिकल मला थोडं थोडं आवडायलाही लागलंय. थोडं थोडंच हं!

आणि आजीला उत्तर सुचलंय. या सुट्टीत सांगणार आहे, "आजी, पुढचे मोजत होते गं, म्हणून रडत होते."