मक्याच्या भुशाची गादी

गेल्या शनिवारी पंचवटीत, घरी आलो होतो. सकाळी चहा घेता घेता सर्वेश कुशारेच्या उडीचा व्हिडिओ परत एकदा बघितला. सप्टेंबर २०२५, टोकियोची जागतिक स्पर्धा, २.२८ मीटर, सहावा नंबर. उंच उडीत जागतिक स्पर्धेची फायनल गाठणारा पहिला भारतीय. आणि पोरगा कुठला? तर आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा!

आईला दाखवलं, तर म्हणते, "अरे, पाठीवर पडतोय की तो!"

तेच तर! आमच्या शाळेत उंच उडी म्हणजे वाळूचा खड्डा आणि दोघांनी धरलेली दोरी. सर आधीच दम द्यायचे, पाठीवर पडायचं नाही. मग आम्ही आपले कात्रीसारखे पाय टाकत उडायचो. १९६८ साली मेक्सिकोत डिक फॉसबरीने पाठीवरून उडी मारून सुवर्णपदक जिंकलं. पण ही पद्धत जगभर रुजली ती खड्ड्याच्या जागी जाड फोमची गादी आली म्हणून. खाली काय आहे याचा भरवसा नसेल तर दांडीकडे पाठ कोण करेल?

गावातल्या शाळेत फोमची गादी कुठून आणणार? क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव सरांनी मक्याचा भुसा वापरून गादी तयार केली. सर्वेश त्यावर पडत पडत शिकला.

यावरून जर्मनीची उलरिके मायफार्ट आठवली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, विश्वविक्रमाची बरोबरी करत १.९२ मीटर आणि सुवर्ण. चार वर्षांनी मॉन्ट्रियलला फायनललासुद्धा पोचली नाही. १९८० ला पश्चिम जर्मनीचा बहिष्कार. आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये २.०२ मीटर, पुन्हा सुवर्ण! नंतर ती लेव्हरकुसेनच्या क्लबमध्ये पोरांना शिकवायला लागली. मला वाटतं, त्या पोरांना तिच्या दोन पदकांपेक्षा मधली बारा वर्षं जास्त उपयोगी पडली असतील. तसंही उंच उडीत जिंकणारासुद्धा बहुतेक वेळा शेवटी दांडी पाडूनच थांबतो. म्हणजे पडणं ठरलेलंच. कोचचं काम खालची गादी नीट ठेवायची.

हे सगळं आत्ताच का सुचतंय? तर मी तीन महिन्यांपूर्वी टीम लीड झालो. कोड लिहिणं जवळपास बंद, दिवसभर मीटिंगा. मागच्या महिन्यात टीममधल्या नव्या मुलाच्या एका चुकीने रात्री सिस्टिम बंद पडली. दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हा वाटलं, बरं केलं, आता शिकेल.

शिकला ना! आता तो एक ओळ बदलायची तरी मला विचारतो. चुका शून्य, आणि नवीन काही करून बघणंही शून्य. वाळूच्या खड्ड्यातली सेफ उडी. "पाठीवर पडायचं नाही" हे मीच त्याला शिकवलं.

असो. रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघताना ठरवलं, सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोरच सॉरी म्हणायचं. झापलं सगळ्यांसमोर, तर सॉरी केबिनमध्ये कशाला? आणि पुढचं अवघड काम त्यालाच द्यायचं. पडला तर खाली मी आहे.

भुशाची का होईना, गादी तर टाकू.