पाण्यातली म्हैस

दुबईच्या श्रीमंतीचं मला फारसं काही वाटलं नाही. 828 मीटरची बुर्ज खलिफा मान अवघडेपर्यंत पाहिली. मेट्रोत जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी ‘गोल्ड क्लास’चा वेगळा डबा असतो, तोही पाहिला. हे असणार, असं धरूनच गेलो होतो. अडकलोय ते दुसरीकडेच. तिथं गरीब नेमकं कुणाला म्हणायचं, ते अजून ठरत नाही.

‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण आमच्या काष्टीत कुणी काढली नसणार. इथं शनिवारच्या बाजारात म्हैस कोरड्यावर उभी असते. गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरतं, कास चाचपतं, जबडा उघडून दात बघतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली. मग चालवून बघायचं. मग हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटांनी भाव होतो. वरती तोंडानं मात्र दोघंही ‘परवडत नाही’ म्हणत असतात. बघ्यांना त्यातलं काही कळत नाही, तरी कुणी हलत नाही. एवढं करूनही घरी नेलेली म्हैस धारेला लाथ घालतेच. दूधही कमी निघतं, कारण कास भरलेली दिसावी म्हणून विकणाऱ्यानं आदल्या दिवसापासून धारच काढलेली नसते. म्हणजे कोरड्यावरही मोल चुकतंच. मग हसू पाण्यातल्या म्हशीच्याच गिऱ्हाइकाला का? पाण्यात निदान शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या दिसतात. बाकीचं दिसत नाही, हे तरी दिसतं.

दुबईच्या खाडीतून एक दिरहम देऊन अब्रा, म्हणजे तिथली लाकडी होडी, पलीकडे नेते. तीत शेजारी निजामाबादकडचा एक बांधकाम मजूर बसला होता. उतरल्यावर आम्ही धक्क्यावर चहा घेतला. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथं बंदी आहे, ते त्यानं सांगितलं. एजंटाचं कर्ज सांगितलं, गावाकडं टाकलेला स्लॅब सांगितला. मी मनातल्या मनात त्याची गरिबी मोजत होतो. तेवढ्यात त्यानं विचारलं, जमीन किती? पाणी कशाचं? मी म्हटलं, ऊस आहे, घोडच्या कालव्याचं पाणी आहे. तो जरा सावरूनच बसला आणि चहाचे पैसे द्यायचं त्यानं माझ्यावर सोडून दिलं. मी शिंगं बघत होतो, तोवर त्यानं माझे दात मोजून टाकले होते.

पैसे मी दिले, आनंदानं दिले. पण कुठल्या नात्यानं?

साहजिकच आमच्याकडची टोळी आठवली. दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीला माणसं येतात, शेताच्या कडेला कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. एजंट आणि मुकादम, तिथल्या मजुरांच्या कॅम्पातली खोली आणि कोपी, जोड्या पटापट लागल्या. इतक्या पटापट लागल्या, की मला त्यांचा संशय येऊ लागला. निजामाबादवाल्याची मुलं त्याच्याशिवाय वाढतायत, पण शाळेत जातायत. टोळीतली बरीच पोरं आई-बापांजवळ असतात, उसाच्या फडात, पाचटात, आणि शाळा मागं गावात. यातली जास्त गरिबी कुठली? एकाच तराजूत घालावं, तर तराजू कुणाचा? टोळीला ‘पाणी कशाचं?’ असं कुणी विचारत नाही, कारण ते नाही म्हणून तर ती माणसं इथं आलेली असतात.

बाजारात हेडी एका गोष्टीवर मात्र खरोखर चिडतात. ‘घ्यायची नाही, तर दात कशाला बघता?’ असं तोंडावर म्हणतात. रास्त आहे. प्रवासी म्हणून मी तरी दुसरं काय केलं? पण घेणाऱ्यानंच बघायचं म्हटलं, तर माणसाचे दात मुकादमानं आणि एजंटानंच बघावेत, बाकीच्यांनी नाही, असा अर्थ होतो. तो काही मला पटत नाही. आणि निजामाबादवाल्याला तरी माझी म्हैस कुठं घ्यायची होती? तरी त्यानं बघितलंच.