जमिनीवरची झोप

जमिनीवर झोपण्याचे आम्हां कोकणच्या माणसांना नवल नाही. अलिबाग-रेवदंड्याकडच्या आमच्या जुन्या घरांत पलंग असलाच तर तो आजाऱ्यासाठी किंवा जावयासाठी. बाकीची मंडळी चटई अंथरून, तिच्यावर गोधडी टाकून ओळीने झोपत. उन्हाळ्यात तर गोधडीही बाजूला सारून सारवलेल्या जमिनीचा गारवा पाठीला घेत. त्यामुळे डोंगरात नेण्याच्या एका हातभर रुंद पॅडला २०० डॉलर पडतात, हे आमच्या आईंनी फ्रीमाँटच्या दुकानात ऐकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्यात घरातल्या सगळ्या गाद्या पिंजून झाल्या असत्या, आणि वर पिंजाऱ्याला जेवण."

आईंचे वय चौऱ्याहत्तर. या वसंतात नातवंडांबरोबर डोंगरावर एक रात्र काढायची, असे त्यांनी मनाशी पक्के केले आहे. फ्रीमाँटकरांना डोंगर लांब नाही. २,५१७ फुटांचा मिशन पीक गावाच्या डोक्यावरच उभा आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून ओलोनी वाट निघते ती २८ मैल चालून लिव्हरमोरजवळच्या डेल व्हॅले तलावाशी उतरते. एवढी मजल आमच्या कोणाच्याच आवाक्यातली नाही. आम्ही जाणार ते वाटेवरच्या सुनोलच्या रानात. तिथे गाडी खाली ठेवून सामान पाठीवर घेऊन तीनेक मैल चढायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच उतरायचे. गोम आहे ती या उतरण्यात. आईंचा गुडघा थंडीने आखडतो. रात्र गारठ्यात गेली तर सकाळी तीन मैल उतरणार कसे? पॅडचा सारा खटाटोप एवढ्यासाठी.

बेर-शेवा, डिमोनाकडच्या आमच्या आप्तांना कोरड्या मुलखातली रात्र ठाऊक आहे. दिवसा चटके बसतात आणि सूर्य बुडाला की तीच जमीन हाडे गार करते. इथल्या टेकड्यांचे थोडेफार तसेच. मार्च-एप्रिलच्या रात्री पारा पाच-सात अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. लोक अशा वेळी पांघरुणावर पैसे खर्च करतात, जाड पिसांची स्लीपिंग बॅग घेतात. पण पिसांची ऊब ती पिसांत अडकलेल्या हवेची. आपण अंग टाकले की खालची पिसे चेपतात, हवा निघून जाते आणि पाठ जवळजवळ उघडीच जमिनीला लागते. गोधडीचेही तेच. जुन्या लुगड्यांचे थर वजनाखाली दबून पापड होतात, आणि सुती कापड जमिनीची ओल पिते ते वेगळेच. आमच्या शेतावरची माणसे थंडीत खळ्यावर झोपत, ती चटईखाली भाताचा पेंढा पसरून. पेंढ्याच्या पोकळ काड्या सहजासहजी चेपत नाहीत. आज डॉलर मोजून विकत घ्यायची ती युक्ती हीच.

ही ऊब मोजायला आता एक अंक असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. पॅड एका थंड आणि एका उष्ण पत्र्यामध्ये ठेवायचे, आणि वरचा पत्रा अंगाइतका गरम राखायला किती वीज लागते ते पाहायचे. वीज जितकी कमी, तितका अंक मोठा. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपल्या परीने मोजत असे. सर्वांसाठी एकच पद्धत २०१८ साली ठरली आणि २०२० पासून वेष्टनांवर ते अंक येऊ लागले. म्हणून जुना माल घेताना त्याआधीच्या अंकावर विसंबू नये. उन्हाळ्याला दोनपर्यंत अंक पुरतो, वसंत-शरदाला तीन-चार हवा आणि बर्फात पाचाच्या वर. म्हाताऱ्या माणसांनी आणि बायकांनी एक पायरी वरचाच धरावा, कारण त्यांना थंडी लवकर वाजते.

प्रकार मुख्यतः तीन. पहिला नुसत्या फोमचा, घडीचा नाहीतर गुंडाळीचा. त्याचा अंक दोनच्या आसपास, पण तो स्वस्त, हलका, आणि काटा लागला तरी त्याचे काही बिघडत नाही. दुसरा आपोआप फुगणारा, म्हणजे हवाबंद कापडात स्पंज. तो १९७२ मध्ये सिएटलला निघालेल्या थर्म-अ-रेस्टचा शोध. त्यामागे बोईंगमधली नोकरी गेलेले एंजिनिअर होते, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. तिसरा हवा भरायचा. मऊपणात याला तोड नाही. पण आत अस्तर नसेल तर आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला पोचवते. पाहुण्यांसाठी घरोघरी ठेवतात ती फुगवायची मोठी गादी रानात थंड लागते ती म्हणूनच. शिवाय काही पॅडे कूस बदलताना चिवड्याच्या पिशवीसारखी वाजतात. दुकानात पाच मिनिटे त्यावर आडवे व्हावे, लाजू नये. कुशीवर झोपणाऱ्याने कंबर जमिनीला टेकते का तेवढे पाहावे.

आता हिशेब. घरात पाच माणसे आणि हाताशी ३०० डॉलर. प्रत्येकी २०० डॉलरचे पॅड घ्यायचे म्हणजे हजार झाले, तो विषयच नको. आमची वाट सोपी झाली ती एका गोष्टीने. दोन पॅडे एकावर एक घातली की त्यांच्या अंकांची चक्क बेरीज होते. तेव्हा आईंसाठी खाली ५० डॉलरचे फोमचे, आणि वर साडेतीन अंकाचे अस्तर घातलेले हवेचे, ते १०० ला मिळाले. बेरीज साडेपाच झाली. खालच्या फोममुळे वरच्याला काटा लागण्याचे भयही कमी. आम्हां दोघांसाठी वापरलेली आपोआप फुगणारी दोन, प्रत्येकी ५० ला. ती घेण्यापूर्वी फुगवून रात्रभर दिवाणखान्यात ठेवली, वर पुस्तकांचा गठ्ठा. सकाळी हवा होती तशीच होती. मुलांना वीस-वीस डॉलरची निळी फोमची. ती कुरकुरली, पण विशीतल्या पाठीला काय होते? विक्रीकर सोडून एकूण २९० झाले.

परीक्षा जानेवारीतच घेतली, गॅरेजच्या सिमेंटवर. थंडी ओढून घेण्यात सिमेंट कोणत्याही डोंगराला हार जाणार नाही. आई रात्री दहाला निजल्या आणि सहाला उठून स्वतःच चहा ठेवायला गेल्या. गुडघ्याचे विचारले तर म्हणाल्या, "गुडघा ठीक आहे. तुमचा तो दार उघडायचा खटका रात्रभर टिकटिकतो, त्याचे काय ते बघा."

हवा तोंडाने भरू नये, श्वासाची ओल आत साठते. त्यासाठी एक पिशवी मिळते, ती धाकटीच्या वाट्याला दिली आहे. गोधडी मात्र आई बरोबर नेणारच. खाली नाही, अंगावर घ्यायला. तिचे वजन दोन किलो भरले, आणि ती थोरल्याच्या पाठीवर बांधायची असे त्याला न विचारताच ठरले आहे.